दॅटच्या पलीकडचा मी

दॅट या शब्दाचा मला राग येतो. म्हातारपणी माणसाला कशाचा राग येईल याचा नेम नाही. कुणाला सुनेचा येतो, कुणाला स्वतःच्या गुडघ्याचा. मला दॅटचा येतो. शाळेत आम्हाला शिकवलं, दॅट म्हणजे ‘की’. धादांत खोटं! ‘की’ आणि दॅट यांचं काडीचं नातं नाही. हे मला सतराव्या वर्षी कळलं, आणि त्याचे भोग माझ्या मामाच्या वाट्याला आले.

लढाईचे दिवस होते. भाईंदरला रुळांच्या दोन्ही अंगांना मिठागरंच मिठागरं, आणि उन्हाळ्यात तिथून चालताना डोळे मिटून घ्यावे लागत, इतकं ते पांढरं चकाकायचं. माझे वडील रेल्वेच्या गँगमध्ये रूळ सांभाळायला होते. त्यांच्या पासावर मी खाडीपलीकडे वसईला मिशनच्या शाळेत जायची. आमच्या आळीत मुलगी सोडा, मुलगेसुद्धा इंग्रजी शिकत नव्हते. ‘पोरीचा साहेबाशी लगीन लावायचाय का?’ असं बायका आईला विचारायच्या. आई गप्प बसायची. मामा मात्र बसायचा नाही. ‘माझी भाची विंग्रजी बोलतंय,’ असं तो बांधावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायचा, कुणी विचारलेलं नसताना.

मामा आईचा धाकटा भाऊ. एका मोठ्या मिठागराच्या उघाडीवर तो राखणदार होता. खाडीचं पाणी हवं तेव्हा आत घ्यायला आणि नको तेव्हा बाहेर थोपवायला बांधाला जो लाकडी दरवाजा असतो, त्याला आमच्याकडे उघाडी म्हणतात. मामाचा आजा त्या उघाडीवर होता, बाप होता, मग मामा. बांधावर उघाडीला लागूनच त्याचं खोपटं. नोकरी होती तोवर खोपटं. तो भरतीच्या वेळा कुणाला विचारत नसे. झोपेतसुद्धा त्याला पाणी चढतंय की उतरतंय ते कळायचं, असं मामी म्हणायची, आणि ते कौतुकानं म्हणायची नाही.

त्या फाल्गुनात मामाची सासू गेली. बाराव्याला मामा-मामी चेण्याला, मामीच्या माहेरी गेले. जाण्याआधी मामानं उघाडी घट्ट लावली, कुलूप घातलं आणि नेमाप्रमाणे किल्ली मिठागराच्या कारकुनाकडे दिली. हा कारकून म्हणजे गोड बोलणारा, केसांना तेल चोपडणारा गृहस्थ. त्याला थोडंफार इंग्रजी यायचं, त्यामुळे साऱ्या मिठागराचे अर्ज तोच लिहायचा, आणि प्रत्येक अर्जामागे कुणाची कोंबडी, कुणाची भाजी घरी न्यायचा. त्या दिवशी त्याच्याकडे पाहुणे यायचे होते. ओहोटीला उघाडी उघडली आणि तोंडाशी जाळं लावलं की कोळंबी भरभरून मिळते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यानं कुलूप काढलं, जाळं लावलं, कोळंबी घेतली आणि पाहुण्यांच्या नादात उघाडी तशीच टाकून गेला. ती पौर्णिमा होती. उधाणाचं पाणी आत शिरलं आणि तयार झालेलं मीठ सगळं विरघळवून गेलं. हंगामाचं पीक. बायकांनी डोक्यावरून वाहायचं, गड्यांनी ओढायचं, ते सगळं पुन्हा खाडीत.

मामा दुसऱ्या दिवशी परतला तेव्हा आगराचं तळं झालं होतं. आणि कारकून सगळ्यांना सांगत सुटला होता की मामा उघाडी न लावताच सासूच्या बाराव्याला पळाला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

पुढे मंगळवारी दुपारी हाच कारकून मामाच्या खोपटात आला, एकटा. मुंबईच्या ऑफिसातून साहेब चौकशीला यायचा होता आणि याचं धाबं दणाणलं होतं. मामाच्या पायाशी बसून त्यानं कबूल केलं. म्हणाला, गप्प राहा, मी तुझी नोकरी वाचवतो. मामा म्हणाला, नोकरी माझी कशाला जाईल? उघाडी मी लावली होती.

बुधवारी सकाळी मामा आमच्या घरी आला. साहेबाला निवेदन द्यायचं होतं, लेखी, इंग्रजीत, कारण कागद मुंबईला जाणार. एरवी कारकुनानं लिहून दिलं असतं, पण आता कारकुनाविरुद्धच लिहायचं होतं. मग लिहिणार कोण? मीच.

मामा ओटीवर बसला आणि म्हणाला, ‘लिव बाय. काल कारकून मना बोलला का मीच उघाडी उघडी ठेवली चुकून.’

हे वाक्य मी साठ वर्षं चघळत आले आहे. त्यात चूक काय आहे? काही नाही. आपल्याकडे माणूस दुसऱ्याचं बोलणं सांगतो तेव्हा ते जसंच्या तसं उचलून समोर ठेवतो. कारकून ‘मी’ म्हणाला ना, मग मामाच्या तोंडातही ‘मी’. तो ‘मी’ कुणाचा, हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. घरात बायका दिवसभर असंच बोलतात. सासू म्हणाली की मी जेवणार नाही, म्हणजे सासू जेवणार नाही. सांगणारी सून उपाशी राहिली असं आजवर कुणाला वाटलेलं नाही.

शाळेतल्या बाईंनी मला दोन नियम शिकवले होते. फळ्यावर लिहून, पट्टीनं हातावर वळ उठवून. पहिला, कुणाचं बोलणं सांगताना आयचा ही होतो, म्हणजे ‘मी’चा ‘तो’. दुसरा, काळ दाखवणारं क्रियाविशेषण शक्यतो वाक्याच्या शेवटी. मला दोन्ही तोंडपाठ. पण बाईंच्या उदाहरणांत राजा असायचा, राजाच्या बोलण्याला अवतरणचिन्हं असायची. ती चिन्हं दिसली की ती पुसायची, दॅट घालायचं आणि आयचा ही करायचा. दहापैकी दहा. मामाच्या बोलण्यात अवतरणचिन्हं नव्हती. मामाच्या बोलण्यात पान होतं, डाव्या गालात. बाईंनी कधी सांगितलं नाही की बाई गं, ही चिन्हं कागदावर नसतात तेव्हा ती कानानं ऐकायची असतात. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पट्टी मारायला वेळ होता.

म्हणून मी लिहिलं, आणि वळणदार अक्षरात लिहिलं, ‘द क्लार्क टोल्ड मी दॅट आय लेफ्ट द स्लूस गेट ओपन बाय मिस्टेक यस्टरडे.’ स्लूस गेट हा शब्द मी वडिलांच्या साहेबाच्या ऑर्डरलीकडून विचारून आणला होता, आणि त्याचाच मला केवढा अभिमान! सगळं लक्ष त्या शब्दावर. आयकडे कोण पाहतो? खोटं कशाला बोलू, आयपाशी माझा हात जरा अडखळला होता. काहीतरी खुपलं. पण लढाईमुळे कागद मिळत नव्हता, घरात कोरा कागद एकच होता, आणि कच्चं मी आधीच वडिलांच्या रेल्वेच्या फॉर्ममागे लिहून घेतलं होतं. खाडाखोड केली तर साहेब काय म्हणेल? मी पुढे लिहीत गेले. खाडाखोड! मामाचं खोपटं एका पारड्यात आणि माझा स्वच्छ कागद दुसऱ्या पारड्यात, आणि मी कागदाकडे झुकले. याची चीड मला बाईंपेक्षा स्वतःचीच जास्त येते.

मामानं अंगठा उठवला. अंगठ्याची शाई धोतराला पुसली आणि म्हणाला, ‘कर न्हाय त्याला डर कशाला?’

गुरुवारी मिठागराच्या पत्र्याच्या ऑफिसात चौकशी झाली. मामानं मला बरोबर नेलं, न जाणो साहेबानं इंग्रजीत काही विचारलं तर. साहेब गोरा नव्हता. चांगला गिरगावातला मराठी माणूस, इस्त्रीचा कोट, आणि ‘बसा’ म्हणायची सवय नसलेला. कारकून त्याच्या बाजूला पंखा घेऊन उभा होता. साहेबानं आमचा कागद वाचला. मग पुन्हा वाचला. मग त्यानं तो कारकुनापुढे धरला. कारकुनानं वाचला, आणि मला त्याचा चेहरा अजून दिसतो. आधी घाबरलेला, मग गोंधळलेला, मग हळूहळू हसरा. दिवाळी झाली त्याची. त्याला इंग्रजी येत होतं आणि मराठीही येत होतं. मामा काय म्हणाला असणार, हे त्या खोलीत त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

‘हे निवेदन तुझंच?’ साहेबानं मामाला मराठीत विचारलं.

‘हां, साहेब.’

‘अंगठा तुझा?’

‘माझाच.’

‘यात लिहिलंय ते खरं आहे?’

मामानं छाती काढली. ‘अक्षर न् अक्षर खरा हाय, साहेब. माझे भाचीनं लिव्हलाय.’

साहेब म्हणाला, ‘मग चौकशी कसली करायची? तू स्वतःच लिहून दिलंयस. वर कालही उघडी ठेवलीस म्हणतोस, आणि कागद बुधवारचा आहे. म्हणजे पौर्णिमेला एकदा, आणि मंगळवारी पुन्हा?’

‘काल’ मी शेपटाला लावला होता. बाईंचा दुसरा नियम. मामाच्या बोलण्यात ‘काल’ कारकुनाच्या कबुलीचा होता. माझ्या वाक्यात तो उघाडीला जाऊन चिकटला. आयनं गुन्हा मामावर घातला आणि यस्टरडेनं तो दोनदा करवला. आणि कारकून, देवानं त्याला काय शिक्षा दिली असेल ती असो, पुढे होऊन म्हणाला, ‘हो साहेब, मंगळवारीही थोडं पाणी आलं होतं. मीच जाऊन बंद केली.’

‘तू याला काय म्हणालास?’ साहेबानं त्याला विचारलं.

‘मी एवढंच म्हणालो साहेब, की तू उघाडी उघडी ठेवलीस.’

तू! एक अक्षर बदललं त्यानं, तेही मराठीत, तेही साहेबाच्या तोंडावर. मला तोवर काय झालंय ते कळून चुकलं होतं. मी म्हणाले, ‘साहेब, ते वाक्य चुकलंय. त्यातला आय मामा नाही. आय म्हणजे कारकून.’

मामाला वाटलं, मी त्याच्या बाजूनं बोलतेय, तर आपणही जोर लावावा. तो म्हणाला, ‘खरा सांगतंय ती, साहेब. तो मी म्हंजे मी न्हाय. त्याचा मी.’

कारकून फिसकन हसला. साहेबही हसला. मामासुद्धा थोडा हसला, लोक हसतात तेव्हा आपण हसावं म्हणून. तो हसला ते मला आजही सहन होत नाही.

मग साहेब माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागला. मुद्दाम. मामाला कळू नये म्हणून नव्हे, मामा त्याच्या हिशेबातच नव्हता. मला माझी जागा दाखवायला. म्हणाला, इंग्रजीत आय म्हणजे लिहिणारा, शाळेत शिकवलं नाही का? मी मोडक्या इंग्रजीत म्हणाले, तुम्हाला मराठी येतं, तुम्ही त्याला मराठीत विचारा, किल्ली कुणाकडे होती ते विचारा, चेण्याच्या माणसांना बोलावून विचारा. त्यानं घड्याळ पाहिलं. रेकॉर्ड इंग्रजीत आहे, म्हणाला.

मी पुष्कळ विचार केला या माणसाचा. कारकुनानं स्वतःची कातडी वाचवली, ते नीच असलं तरी समजतं. पण हा? याच्या घरी आई असेल, बायको असेल, मोलकरीण असेल. ‘दूधवाला म्हणाला की मी उद्या येणार नाही’ हे वाक्य त्यानं हजारदा ऐकलं असेल आणि एकदाही गोंधळला नसेल. माझं वाक्य वाचताच त्याला कळलं होतं. शंभर टक्के कळलं होतं. कळूनही न कळल्यासारखं करायला त्याला इंग्रजी उपयोगी पडलं. माझी चूक अज्ञानाची होती, त्याची चूक ज्ञानाची. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर आधी संन्यासी कोण ते नीट माहीत असावं लागतं, आणि ते त्याला माहीत होतं.

मामाला आठ दिवसांत खोपटं सोडायला सांगितलं. कागदावर दोन ओळी होत्या, त्यांत एकही चूक नव्हती. मी शोधली. आई जेवली नाही, वडिलांनी रेल्वेचे उरलेले फॉर्म माळ्यावर ठेवून दिले. मला कुणी रागावलं नाही. काय झालं ते कुणाला कळलंच नव्हतं. सगळे समजत होते, साहेब कारकुनाला सामील.

मामा वरसाव्याला गेला. तिथं खाडीत बुडी मारून रेती काढायचं काम मिळालं. ज्या पाण्याला त्यानं जन्मभर दाराबाहेर ठेवलं, त्याच्यात आता दिवसभर बुडायचं. पंधरवड्यात त्याचे डोळे लाल झाले आणि कानातून पाणी यायला लागलं.

मला राहवेना. एका रविवारी मी ते कच्चं, रेल्वेच्या फॉर्ममागचं, घेऊन वरसाव्याला गेले. मामा किनाऱ्यावर होडीच्या सावलीत बसला होता, डोक्याला फडकं. मी म्हणाले, ‘मामा, साहेबाची चूक नाही. म्हणजे आहे, पण आधी माझी आहे. मी चुकीचं लिहिलं. माझ्यामुळे तुझी उघाडी गेली.’

‘काय लिव्हलास तू?’

‘कारकुनाऐवजी तूच कबूल केलंस, असं झालं त्यात.’

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यानं कागदाकडे बोट केलं. ‘वाच.’

मी वाचलं. त्याला इंग्रजी कळत नव्हतं, म्हणून मी एकेक शब्द मराठीत करत वाचलं, बाईंनी शिकवलं होतं तसं, काही न लपवता. ‘कारकून मला म्हणाला, की मी, उघाडी, उघडी ठेवली, चुकून, काल.’

मामा वाट पाहत राहिला. ‘मंग?’

‘मग काय?’

‘चूक कुठं हाय?’

मी पुन्हा वाचलं. जोर देऊन, ‘की मी’ वर बोट ठेवून. तो ऐकत होता, मान डोलवत होता. त्याला त्यात कारकूनच बोलताना ऐकू येत होता. मलाही येत होता. मराठीत आणल्याबरोबर ती चूक नाहीशी होत होती, खाडीत मीठ जावं तशी. मी म्हणाले, ‘इंग्रजीत तसं नसतं रे मामा. इंग्रजीत मी म्हटलं की तो बोलणारा असतो.’

‘मंग बोलनारा त्योच व्हता ना?’

मी त्याला आणखी तीनदा समजावलं. एकदा वाळूत रेघा मारून. मग मला रडू फुटलं, आणि मामानं रेती लागलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला. म्हणाला, ‘उगी बाय. तू अक्षर न् अक्षर बरोबर लिव्हलास. मी जो बोललो तोच लिव्हलास.’

पुढे मी शिक्षिका झाले. आयुष्यभर इंग्रजीच शिकवलं, पट्टी न घेता. मामा कानानं पुरता बहिरा झाला, मग थकला, मग आमच्याकडेच राहायला आला. ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला, कुणी विचारलेलं नसताना, तो मोठ्या आवाजात सांगायचा, ‘माझे भाचीनं बरोबर लिव्हला व्हता. त्या साहेबालाच विंग्रजी येत नव्हता.’ लोक हसून माझ्याकडे पाहायचे, ‘खरं का हो बाई?’ असं विचारायचे.

मी हो म्हणायची.